खानदेशातील ख्रिस्ती मंडळी आणि व्यक्तीचे पाचारण

खानदेशातील ख्रिस्ती समाज संख्येने कायम लहान राहिला आणि तोही एका पट्ट्यात सलग वसला नाही. भुसावळची रेल्वे वसाहत, जळगाव-चाळीसगावसारखी मिशनची ठाणी आणि नवापूर-नंदुरबारकडची आदिवासी गावे अशा तुटक ठिकाणी तो वाढला. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. धुळे जिल्ह्याचा पश्चिम भाग १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा म्हणून वेगळा झाला. या तिन्ही जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचा इतिहास पाहताना एक प्रश्न सतत समोर येतो. मंडळीत आलेल्या माणसाने पुढे कोणते काम करायचे, आणि ते कोणी ठरवायचे?

धर्मशिकवणीत याचे उत्तर स्पष्ट आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीला शरीर आणि सभासदांना अवयव मानले आहे. प्रत्येकाला वेगळे कृपादान मिळते, आणि ते सर्वांच्या हितासाठी वापरायचे असते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हा विचार आणखी पुढे नेला. शेतकऱ्याचे, कारागिराचे, घर सांभाळणाऱ्या बाईचे काम हेही मठवासी संन्याशाच्या कामाइतकेच देवाचे पाचारण आहे, असे त्याने शिकवले. खानदेशात मात्र हे उत्तर आपोआप अमलात आले नाही. रेल्वे, मिशन, स्वतः व्यक्ती, गावची मंडळी आणि सरकारी नियम यांनी आपापल्या काळात ते घडवले. पगाराची चौकट जिथे सैल झाली, तिथे माणसाला स्वतःचे काम शोधायला अधिक जागा मिळाली, असे या इतिहासातून दिसते.

भुसावळची रेल्वे वसाहत

ब्रिटिशांनी खानदेश १८१८ मध्ये ताब्यात घेतला. त्यानंतर बराच काळ इथला ख्रिस्ती वावर छावणीतले गोरे अधिकारी आणि त्यांचे नोकरचाकर यांच्यापुरताच होता. पहिली मोठी स्थिर वस्ती आली ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेबरोबर. १८६०च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळला पोचला. १८६७ मध्ये तिथून नागपूरपर्यंत गाडी धावू लागली, आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. दोन्ही फाटे भुसावळात मिळत असल्यामुळे इंजिनांचे मोठे ठाणे तिथे झाले.

इंजिनचालक, गार्ड, फिटर, तारबाबू, स्टेशनमास्तर या जागांवर युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. गोव्याकडचे आणि मद्रासकडचे ख्रिस्तीही नोकरीनिमित्त आले. या लोकांच्या बाबतीत काम आधी ठरलेले होते आणि देवळाची मंडळी मागाहून जमली. रेल्वेच्या वर्गवारीप्रमाणे घर, पगार, शाळा आणि रविवारची बैठकही ठरत असे. मुलगा मोठा झाला की लोको शेडमध्ये उमेदवारीला लागे. अशा वसाहतीत धर्मगुरूचे काम मुख्यतः बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि आजाऱ्याची भेट एवढेच असे. कोणी आपल्या पाचारणाविषयी वेगळा विचार करावा, अशी परिस्थिती तिथे क्वचितच होती. मात्र कुठल्याही मिशनच्या मदतीवाचून स्वतःच्या कमाईवर जगणारा ख्रिस्ती गृहस्थ खानदेशाने पहिल्यांदा पाहिला तो याच वसाहतीत. मिशनच्या ठाण्यांवर पुढे ही गोष्ट कित्येक वर्षे साधली नाही.

दुष्काळ आणि मिशनचे आवार

खानदेशाच्या आसपास मिशनचे काम आधीच सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे घातले होते. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकला होते, आणि तिने १८५४ च्या सुमारास शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवली. वऱ्हाडाकडून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था आली. अकोला हे तिचे प्रमुख ठाणे होते. पुढे तिचे काम रेल्वेच्या कडेने भुसावळ, जळगाव, चाळीसगावपर्यंत पसरले. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन या प्रवचनकाराने ही संस्था १८९० मध्ये शिकागोत काढली होती. तिच्याबरोबर स्वीडनमधून थेट आलेले मिशनरीही नंदुरबारच्या बाजूला काम करू लागले. नंदुरबारचे ‘एस. ए. मिशन’ हायस्कूल अजून त्याच नावाने ओळखले जाते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ या कामाला कलाटणी देणारे ठरले. दुसऱ्या दुष्काळाला लोक छपन्नाचा दुष्काळ म्हणतात. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या सीमेवरची असंख्य मुले पोरकी झाली. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने मुलांना अकोल्याला आणि मुलींना खामगावला ठेवले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळी भागात फिरून मुली व विधवांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मराठी मंडळ्यांतून जे उपदेशक, मास्तर आणि परिचारिका पुढे आल्या, त्यांतल्या कितीतरी जणांचे बालपण अशा आश्रमांत गेले होते.

अशा मुलाचे आयुष्य मिशनच्या आवारातच आखले जाई. बंगला, देऊळ, शाळा, बोर्डिंग आणि नोकरांच्या चाळी हे सगळे एका कुंपणात असे. मुलगा बोर्डिंगात राहून सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झाला की मास्तर होई. बोलण्यात हुशार असला तर बायबल शाळेत जाऊन उपदेशक होई. वाचता येते पण शिकवता येत नाही, असा असला तर शुभवर्तमानाच्या प्रती आणि पत्रके घेऊन आठवड्याच्या बाजारांत हिंडणारा पुस्तकविक्या होई. अभ्यासात मागे राहिलेला सुतारकाम, बागकाम किंवा बंगल्यावरच्या कामाला लागे. कामाची नेमणूक, बदली आणि पगार मिशनरींच्या समितीकडे असे. मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, त्यात फारसे मत नसे.

या व्यवस्थेला दोन बाजू होत्या. दलित जातींतून आलेल्या कुटुंबाला गावगाड्यात एकच काम ठरलेले होते, आणि ते जन्माबरोबर येत असे. मिशनने त्या माणसाच्या हाती पुस्तक, खडू, औषधाची बाटली दिली आणि जातीचे काम सोडण्याची सोय केली. हा बदल लहान नव्हता. पण मंडळीतले मानाचे प्रत्येक काम पगारी झाले, आणि पगारी काम म्हणजेच पाचारण असा समज रुजला. शेती करणारा, मिलमध्ये जाणारा किंवा दुकान टाकणारा सभासद हा जणू दुय्यम ठरला. एक-दोन पिढ्यांत मास्तरचा मुलगा मास्तर आणि पाळकाचा मुलगा पाळक होऊ लागला. मिशनची नोकरी हे एक नवे वतन झाले.

स्त्रियांची कामे

स्त्रियांच्या बाबतीत मिशनची चौकट अरुंद होती, तरी भोवतालच्या समाजाच्या मानाने ती बरीच रुंद ठरली. उपदेशकाची बायको ही भूमिका ठरलेली होती. तिला वाचता यावे, पेटी वाजवता यावी, शब्बाथ शाळा घेता यावी अशी अपेक्षा असे, आणि या कामाचा वेगळा मोबदला सहसा नसे. मात्र विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला बायबल बाई म्हणून स्वतःचे काम आणि स्वतःचा पगार मिळू शकत होता. ती घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवी, अक्षरओळख करून देई, आजाऱ्याजवळ बसे. परक्या पुरुषाला ज्या घरांत प्रवेश नव्हता, तिथे ती पोचे. त्या काळी विधवेने एकटीने गावोगाव फिरून अर्थार्जन करावे, अशी दुसरी प्रतिष्ठित सोय जवळजवळ नव्हतीच.

दुसरे क्षेत्र परिचर्येचे. स्पर्श-अस्पर्शाच्या कल्पनांमुळे आणि परपुरुषाची सेवा करावी लागत असल्यामुळे इतर समाजांतील मुली या कामाकडे वळत नसत. त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वी भारतातल्या प्रशिक्षित परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचे प्रमाण फार मोठे होते. मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशन रुग्णालयांनी मराठी मुलींना हे शिक्षण दिले. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला १९४०च्या दशकात मिशनचे रुग्णालय उभे राहिल्यावर पश्चिम खानदेशातही या कामाला जागा झाली. मिशनने ठरवून दिलेल्या कामांपैकी मंडळीबाहेरही पोट भरण्याची ताकद देणारे काम मुख्यतः परिचर्येचे होते. सरकारी दवाखान्यांतही त्या शिक्षणाला किंमत होती.

ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या जेनी फुलर यांनी वऱ्हाडात काम करताना पाहिलेल्या स्त्रीजीवनावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. त्यात हिंदू स्त्रियांच्या दुःखाचे वर्णन विस्ताराने येते. मराठी ख्रिस्ती स्त्रीने स्वतःविषयी स्वतः लिहिलेला मोठा ग्रंथ मात्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या रूपाने १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागला.

पगाराबाहेरची वाट

मिशनच्या नेमणुकीबाहेर स्वतःचे काम शोधणारी माणसे महाराष्ट्रात आधीपासून होती. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुण्यात पाळकाचे काम केले, पण त्यांची खरी कामगिरी लेखनाची ठरली. विधवांच्या स्थितीवरचे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण कोणत्याही एका पंथाच्या शिस्तीत स्वतःला बांधून घेतले नाही. मुक्ती सदन चालवत असतानाच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले त्यापूर्वी ते काम पुरे झाले होते.

या प्रश्नाला सर्वांत थेट भिडले ते नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षे काम केले. शिकवणे, उपदेश, कीर्तन, भजने रचणे, ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन असे ते काम होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, आणि कामाचा आधार पगाराऐवजी भक्ती असावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते वारले, त्यामुळे दरबाराला संस्थेचे पक्के रूप आले नाही. पण पाचारण आणि वेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा मराठी ख्रिस्ती समाजात त्यांनी ठसठशीतपणे मांडला. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मिशनच्या कागदांत ज्या स्त्रीची ओळख उपदेशकाची बायको अशी झाली असती, तिचे स्वतःचे काम अशा रीतीने साहित्यात उभे राहिले.

टिळकांचा खानदेशाशी आलेला संबंध मंडळीच्या हद्दीबाहेरचा आहे. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे ते काही काळ टिळकांच्या घरी राहिले. टिळक दांपत्याने त्यांना मुलासारखे वागवले; बालकवी हिंदूच राहिले. १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्टेशनावर अपघातात त्यांचा मृत्यू झाला. माणसातला गुण ओळखावा आणि तो आपल्या मंडळीत येतो की नाही हे पाहू नये, ही टिळकांची वृत्ती या संबंधातून दिसते. ‘देवाचा दरबार’ याच वृत्तीचा पुढचा टप्पा होता.

माणसाच्या नेमलेल्या कामाचा विचार त्या काळी खानदेशात इतर अंगांनीही चालला होता. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. स्वधर्म हा त्यांतला मोठा विषय आहे. स्वधर्म माणसाला जन्मतः मिळालेल्या परिस्थितीतून येतो, अशी विनोबांची मांडणी आहे. ख्रिस्ती विचारात पाचारण जन्मापासून स्वतंत्र असते. त्यामुळेच गावगाड्यातल्या कामातून सुटू पाहणाऱ्यांना ते जवळचे वाटले. मात्र हाती आलेले साधे काम निष्ठेने करावे, यावर दोन्ही विचारांचा भर आहे.

सातपुड्याच्या पायथ्याची मंडळी

पश्चिम खानदेशातल्या भिल्ल, मावची आणि इतर आदिवासींना काय काम द्यावे, याचे उत्तर ब्रिटिशांनी मिशनच्या कितीतरी आधी देऊन पाहिले होते. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि कालपर्यंत ज्यांना लुटारू म्हटले जाई, त्यांना शिपाई केले. बाकीच्यांना शेतीवर बसवण्याचे प्रयत्न झाले. पुढे जंगल कायदे, सावकारी आणि दारूचे गुत्ते यांनी या लोकांचे जगणे कोंडून टाकले.

त्या कोंडीला या डोंगरपट्ट्यात वेगवेगळी उत्तरे निघाली. १९२२ मध्ये दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगणारी देवीची चळवळ खानदेश आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातून फिरली. १९३०च्या दशकात तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांची चळवळ उभी राहिली. व्यसनमुक्ती, साधे विधी आणि परस्परांना मानाने वागवणे यांवर तिचा भर होता. नवापूर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्या याच काळात वाढल्या. दारू सोडणे, भगताकडे न जाणे आणि मुलांना शाळेत घालणे या तीन गोष्टींनी तिथला ख्रिस्ती माणूस गावात ओळखला जाऊ लागला.

इथल्या मंडळीची घडण पूर्वेकडच्या ठाण्यांहून वेगळी झाली. ठाणी थोडी आणि पाडे पुष्कळ, त्यामुळे प्रत्येक पाड्याला पगारी उपदेशक देणे मिशनला शक्यच नव्हते. लोक आपली शेती सोडून मिशनच्या आवारात राहायलाही आले नाहीत. गावातच, कोणाच्या तरी अंगणात प्रार्थना होई. वडील मंडळी स्वतः शेतकरी असत. ज्याला वाचता येई तो शास्त्रपाठ वाची, कारण बायबल मराठीत आणि घरची बोली मावची किंवा भिलोरी असे. वाचलेले बोलीत समजावून सांगणे हेही त्याच्याच वाट्याला येई. ज्याचा गळा चांगला तो गाणी धरी. प्रार्थनेसाठी आजाऱ्याकडे जाणारी बाई वेगळी, लग्नाची बोलणी करणारा वडील वेगळा, मेळाव्याच्या जेवणाचा हिशेब ठेवणारा वेगळा. कृपादाने वेगवेगळी असतात, ही पौलाची शिकवण इथे व्यवहारात आली ती पैशाच्या कमतरतेमुळे. देणगीही बहुधा धान्याच्या रूपाने येई.

बोलीचा प्रश्न मात्र बराच काळ तसाच राहिला. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीत प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा दृष्टांत उतरवून घेतला होता. १९०७ मध्ये छापलेल्या खंडात खानदेशी आणि भिल्ली बोलींतही तो आला. पण हे काम भाषाशास्त्रासाठी झाले होते, उपासनेसाठी नव्हे. अहिराणी आणि मावचीत नवा करार उपलब्ध झाला तो त्यानंतर कित्येक दशकांनी. भाषांतर करणे, ते गावोगाव वाचून तपासणे, गाणी बोलीत रचणे हे मंडळीतल्या आदिवासी तरुणांसाठी एक नवे काम त्यातून निर्माण झाले.

स्वातंत्र्यानंतरचा बदल

१९५०च्या दशकापासून परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली आणि परदेशी पैसाही आटला. पूर्वेकडच्या ठाण्यांना याचा फटका जास्त बसला, कारण तिथला सगळा संसार पगारावर उभा होता. बोर्डिंगे बंद पडली किंवा लहान झाली. पाळकाचे वेतन मंडळीच्या वर्गणीवर आले. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. नाशिक आणि नगरकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्या तिच्यात आल्या. अलायन्स परंपरेच्या मंडळ्या मात्र वेगळ्याच राहिल्या, आणि त्यांना आपला कारभार, मालमत्ता आणि पाळकांचे प्रशिक्षण स्वतः सांभाळावे लागले. पाळकांच्या प्रशिक्षणासाठी यवतमाळची, १९८३ पासून पुण्यात असलेली, युनियन बिब्लिकल सेमिनरी मोठा आधार ठरली. चिंचपाड्याचे रुग्णालय इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे गेले.

कॅथलिक बाजूलाही व्यवस्था बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) पवित्र जीवनाचे पाचारण धर्मगुरू आणि धर्मभगिनींप्रमाणेच संसारी माणसांनाही आहे, असे ठासून सांगितले. लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा होऊ लागली. त्यामुळे शास्त्रपाठ वाचणे, गायनाचे नेतृत्व करणे, धर्मशिक्षण देणे ही कामे प्रापंचिकांच्या हाती आली. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार त्यातच येतात. येशूसंघाचे थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप.

मिशनची नोकरी संपल्यावर शिकलेल्या पिढीने जिल्हा परिषदेची शाळा, रेल्वे, एस. टी., पोस्ट, सरकारी दवाखाने इकडे मोर्चा वळवला. इथे एका सरकारी नियमाने खानदेशातल्या ख्रिस्ती समाजाचे दोन भाग केले. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच त्याचा लाभ मिळतो. त्यामुळे दलित जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्या सवलती नाहीत. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. म्हणून नवापूरचा आदिवासी ख्रिस्ती तरुण राखीव जागेवर शिक्षक, तलाठी किंवा डॉक्टर होऊ शकतो, पण जळगाव-भुसावळकडच्या दलित ख्रिस्ती तरुणाला अनुसूचित जातीची राखीव जागा मिळत नाही. कामाची निवड एकाच श्रद्धेच्या दोन माणसांसाठी अशी वेगवेगळी ठरते.

खानदेशातल्या मंडळ्यांत आज पगारी पाळक आहेत, आणि कितीतरी ठिकाणी आठवडाभर नोकरी किंवा शेती करून रविवारी उपदेश करणारेही आहेत. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांपुढे गावची मंडळी टिकवण्याचा प्रश्न उभा असतो. शिकून पुण्या-मुंबईला गेलेली मुले ठाण्यांवरच्या जुन्या मंडळ्यांत परत येत नाहीत. स्त्रिया महिला मंडळे आणि शब्बाथ शाळा चालवतात, पण त्यांना पाळकाची दीक्षा द्यावी की नाही यावर पंथापंथांत मतभेद आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने ती दिली आहे, तर कॅथलिक चर्चमध्ये ती मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी मिशनची समिती जे ठरवून देई, ते आता बहुतांशी कुटुंब, शिक्षण, रोजगार आणि गावची मंडळी यांच्या ओढाताणीतून ठरते. बिनपगारी वडिलांवर चालणारी आदिवासी मंडळी त्या बदलाला आधीपासून तयार होती. ठाण्यावरच्या मंडळ्यांना मात्र तो बदल मिशन गेल्यावर शिकावा लागला.